समुद्र पाच मीटर, हतनूर दोनशे तेरा मीटर: उंचीचा शून्य असतो तरी कुठे?

पावसाळ्यातली दुपार. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर दोन बातम्या एकामागून एक सरकत होत्या. मुंबईच्या समुद्राला 4.8 मीटरची भरती. हतनूर धरणाची पातळी 213 मीटरच्या वर, दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा. शेजारचे नाना चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काय रे भाऊ, समुद्राचं पाणी पाच मीटर आन् आपल्या हतनूरचं दोनशे तेरा. मंग बुडायला तर आपण पाहिजे. मुंबई कशी काय बुडते?"

नानांची शंका अगदी रास्त होती. दोन्ही आकड्यांपुढे 'मीटर' होतं, पण ते कुठून मोजले हे एकाही बातमीत नव्हतं. पाणी किती वर आलं हे सांगायला आधी खालची एक जागा ठरवावी लागते. ती जागा प्रत्येकाची वेगळी असली तर आकडे शेजारी शेजारी ठेवून काहीच कळत नाही. समुद्राची भरती मोजणाऱ्या पट्टीवरचा आकडा सगळ्या देशाला समजेल अशा उंचीत कसा बदलतात, ते इथे सांगतो. सुरुवात मात्र समुद्रापासून करत नाही, आमच्या विहिरीपासून करतो.

विहिरीची वही

आमच्या घरी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. वडील दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन उन्हाळ्यात, दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचे. दगड पाण्याला टेकल्याचा आवाज आला की कठड्यापाशी दोर चिमटीत धरायचा, वर ओढून अंगणात ताणायचा आणि टेपनं मोजायचा. मग वहीत एक ओळ. 2009: 41 फूट. 2010: साडेएकेचाळीस. 2011: 42. त्यापुढची ओळ 2012 ची: 45 फूट.

एका वर्षात तीन फूट पाणी खाली गेलं, असं वाटून घरात सगळे धास्तावले. केळीचा बाग उभा होता. कर्ज काढून बोअर घेतली. बऱ्याच वर्षांनी ती वही चाळताना माझ्या लक्षात आलं की 2011 च्या दिवाळीत विहिरीचा कठडा नव्यानं बांधला होता. जुना दगडी कठडा तसाच ठेवून त्यावर विटांचे थर चढवले होते. दोर त्यानंतर विटांवरून मोजला जात होता. विहिरीत डोकावून पाहिलं तर दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते स्वच्छ दिसत होतं. मोजलं: 2 फूट 3 इंच. म्हणजे 2012 चं पाणी जुन्या हिशेबानं 42 फूट 9 इंचांवर होतं. तीन फुटांतला सव्वादोन फूट कठडा होता, पाण्याची घट फक्त नऊ इंच होती.

त्या वहीतला प्रत्येक आकडा सापेक्ष होता, म्हणजे एका विशिष्ट काठापासून मोजलेला. काठ हलला तेव्हा आकडेही हलले, आणि वहीत त्याची नोंद नव्हती. समुद्रावरच्या मोजपट्ट्यांचं नेमकं हेच होतं.

समुद्रात दोर कुठून सोडायचा?

भरती मोजण्याची जुनी तऱ्हा साधी आहे. धक्क्याला लागून एक उभा नळ किंवा हौद बांधतात आणि तळाशी लहान भोक ठेवतात. बाहेर लाटा उसळत असल्या तरी आतलं पाणी शांतपणे चढतं-उतरतं. त्यावर तरंगणारा डबा तारेनं एका पेन्सिलीला जोडलेला असतो आणि घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या कागदावर ती पेन्सिल पाण्याची रेघ ओढत राहते. हा भरतीमापक. आता बऱ्याच ठिकाणी वरून रडार सोडून पाण्याचं अंतर मोजतात. मुंबईला अपोलो बंदरावर 1878 पासूनच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये त्यांची गणना होते.

या यंत्राचा शून्य म्हणजे त्या पट्टीचं खालचं टोक. पट्टी बसवणाऱ्यानं ती सोयीनं बसवलेली असते. ती बदलली, धक्का दुरुस्त केला, नवं यंत्र आणलं की शून्य सरकतो, आमच्या कठड्यासारखाच.

एक अडचण अशी की समुद्र जागेवर थांबत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. वारा आणि पावसाळ्यामुळे पाण्याची पातळी ऋतूप्रमाणेही बदलते. त्यात चंद्राच्या कक्षेचा कल 18.6 वर्षांच्या फेऱ्यानं डोलतो, त्यामुळे एका वर्षाची भरती दुसऱ्या वर्षासारखी नसते. म्हणून तासातासाच्या नोंदी साधारण 19 वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात. तीच सरासरी समुद्रपातळी. शाळेच्या पुस्तकात जिला समुद्रसपाटी म्हणतात ती हीच. ती डोळ्यांना कुठेच दिसत नाही, नोंदींच्या गणितातून ती मिळते.

एकाच पाण्याचे दोन आकडे

आता नानांच्या प्रश्नाकडे येऊ. मुंबईची 4.8 मीटरची भरती समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून मोजतात. त्याला चार्ट डेटम म्हणतात. डेटम म्हणजे ज्या पातळीपासून मोजायचं ती ठरवलेली संदर्भपातळी. जहाजाच्या कप्तानाला एकच काळजी असते: ओहोटी पार तळाला गेली तरी बोटीखाली पाणी उरेल ना? म्हणून त्याचा शून्य मुद्दाम सर्वांत खालच्या ओहोटीजवळ ठेवलेला असतो. पाणी त्याच्या खाली क्वचितच जातं.

मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे 2.5 मीटर वर आहे. त्यामुळे 4.8 मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीच्या वर साधारण 2.3 मीटर. हतनूरचा 213 हा आकडा मात्र थेट समुद्रसपाटीपासूनचा आहे. एकाच पट्टीवर सरकणाऱ्या त्या दोन बातम्यांमध्ये शून्यच वेगवेगळे होते.

"बरं, मग सव्वादोन मीटरनं मुंबई कशी बुडते?" नाना सोडणारे नव्हते. मुंबईचा बराच भाग समुद्र हटवून, भराव घालून तयार झालेला आहे. तो या पातळीपेक्षा फारसा उंच नाही, काही ठिकाणी तर खालीच आहे. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात. मोठ्या भरतीला ती तोंडं पाण्याखाली जातात, त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस आला की पाण्याला जायला वाट राहत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपिंग स्टेशनं उभी राहिली ती याच कारणानं. हतनूरचं पाणी मात्र दोनशे तेरा मीटर 'खोल' नसतं. धरणाच्या जागची जमीनच समुद्रापासून इतकी उंच आहे.

बेरीज-वजाबाकी कशी करतात

रूपांतराचं गणित चौथीतलं आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धक्क्याजवळच्या पक्क्या दगडावर एक खूण आहे. तिची समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठरलेली आहे: 4.250 मीटर. मोजणी केल्यावर कळलं की भरतीच्या पट्टीचा शून्य या खुणेच्या 6.900 मीटर खाली आहे. 4.250 मधून 6.900 वजा केले की उणे 2.650. ही झाली पट्टीच्या शून्याची खरी उंची. आता पट्टीवर पाणी 3.400 दाखवत असेल तर त्यात उणे 2.650 मिळवायचे: 0.750. पाणी समुद्रसपाटीच्या वर पाऊण मीटर आहे.

अवघड काम या गणिताच्या आधी करावं लागतं. त्या दगडावरच्या खुणेची उंची पक्की हवी आणि पट्टीचा शून्य तिच्याशी दर थोड्या काळानं पुन्हा ताडून पाहिलेला हवा. त्या खुणेला बेंचमार्क म्हणतात, सरकारी मराठीत तलचिन्ह. चांगल्या भरतीमापकाजवळ एकच खूण ठेवून भागत नाही. चार-पाच खुणा वेगवेगळ्या इमारतींवर ठेवतात, म्हणजे एखादी खचली तर बाकीच्या तिची चुगली करतात.

समुद्रापासून खानदेशापर्यंत

समुद्रावरची उंची चारशे किलोमीटर आत जळगावला कशी आली? चालत आली. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेताजवळच्या रस्त्याचं काम निघालं, तेव्हा ते मी जवळून पाहिलं.

मोरीच्या कठड्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं: टी.बी.एम., 230.880. तात्पुरता बेंचमार्क. मोजणीवाल्या मुलाला मी आमच्या मोटारीच्या खोलीचा उंबरा दाखवला आणि विचारलं, याची उंची काढता येईल का? त्यानं तिवईवरची दुर्बीण मोरी आणि खोलीच्या मधोमध उभी केली. दुसऱ्यानं आकडे लिहिलेली उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, मोरीवरच्या खुणेवर धरला. दुर्बिणीतल्या आडव्या रेघेवर आकडा आला 1.345. म्हणजे दुर्बिणीची नजर खुणेच्या तेवढी वर. 230.880 अधिक 1.345, नजरेची उंची 232.225. मग स्टाफ उंबऱ्यावर आला, दुर्बीण तिकडे वळली, आकडा 0.765. 232.225 मधून तेवढे वजा केले. उंबरा 231.460.

"हा घ्या तुमचा आर.एल., काका," तो म्हणाला. आर.एल. म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, ठरलेल्या शून्यापासूनची उंची. पाच मिनिटांत झालं. गवंडी पारदर्शक पाइपात पाणी भरून दोन भिंतींची लेव्हल जुळवतो, त्याचंच हे लांब पल्ल्याचं रूप. पुढे सरकायचं असेल तर उंबराच नवी खूण होतो, दुर्बीण पुढे जाते आणि तेच पुन्हा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पथकांनी अशीच पावलं टाकत साऱ्या देशात लेव्हल नेली. नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळ्या शून्य धरल्या: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसातलं फॉल्स पॉइंट. या सगळ्यांना जोडणारं जाळं 1909 मध्ये एकत्र जुळवलं गेलं. धरणं, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या उंच्या पुढे त्याच जाळ्याला टांगल्या गेल्या. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची याच परंपरेतली.

जुन्या कचेऱ्या, विश्रामगृहं, पूल यांच्या दगडात चौकोन कोरून 'बी.एम.' लिहिलेल्या खुणा अजून सापडतात. रस्ता रुंद करताना अशा खुणा उखडल्या जातात, रंगरंगोटीत बुजतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. एका माणसानं पट्टी धरली, दुसऱ्यानं दुर्बिणीतून पाहिलं, असं हजारो वेळा झालं तेव्हा तो आकडा त्या दगडापर्यंत पोहोचला होता.

"मोबाइलवर उंची दिसते की, मग हा खटाटोप कशाला?"

माझ्या पुतण्याचा प्रश्न. जीपीएस उंची सांगतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरी समुद्रपातळी तशी गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान कमी-जास्त आहे, त्यामुळे गुरुत्वाकर्षण कमी-जास्त होतं आणि पाण्याचा पृष्ठभागही वर-खाली वळतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा पृष्ठभाग गणिती आकाराच्या शंभर मीटरांहून जास्त खाली गेलेला आहे, जगातला सर्वांत खोल खळगा. त्याची उतरण आपल्यापर्यंत पोहोचते. खानदेशात फरक पन्नास मीटरांहून जास्त आहे. उपग्रहाचा कच्चा आकडा घेतला तर समुद्रसपाटीपासून 200 मीटर असलेल्या जागेला तो दीडशेच्या आतली उंची देईल. बरेच मोबाइल ही दुरुस्ती आतल्या आत करून घेतात, तरी काही मीटरांची चूक राहतेच. पाटचारीला उतार द्यायचा असेल तर चूक बोटभरही चालत नाही.

"समुद्र वाढतोय म्हणतात. मग शून्यही वर सरकतो का?"

नाही. 1909 मध्ये ठरलेला शून्य दगडावरच्या खुणांमध्ये बांधून ठेवलेला आहे, तो रोजच्या समुद्राबरोबर हलत नाही. म्हणूनच समुद्र किती वाढला हे सांगता येतं. 1901 ते 2018 या काळात जगभरची सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. शून्यही सोबत चढला असता तर ही वाढ कोणत्याही कागदावर उमटली नसती.

पण भरतीमापक जमिनीवर उभा असतो, हा पेच उरतो. जमीन खचली तरी पट्टीवर पाणी चढलेलंच दिसतं. डिसेंबर 2004 च्या भूकंपात भारताचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरांहून जास्त खचलं आणि तिथल्या दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. तिथे पट्टी असती तर तिनं एका दिवसात समुद्र चार मीटर चढल्याची नोंद केली असती. म्हणून आता भरतीमापकाशेजारी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र ठेवून जमिनीची हालचाल वेगळी मोजतात.

जगभरच्या बंदरांच्या नोंदी 1933 पासून ब्रिटनमधल्या एका संस्थेकडे जमा होतात. सरासरी समुद्रपातळीची कायम सेवा, असं तिच्या नावाचं मराठी करता येईल. तिथे प्रत्येक बंदराचा शून्य त्याच्या सरासरी पातळीच्या सुमारे 7 मीटर खाली धरतात, म्हणजे एकही आकडा उणे येत नाही. पण हे रूपांतर फक्त अशाच बंदरांचं करतात, ज्यांच्या खुणांचा इतिहास अखंड लिहिलेला आहे. पट्टी कधी बदलली, किती सरकली, हे ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवतात आणि समुद्र वाढला की उतरला हे ठरवायला त्या वापरू नका, असं बजावतात. हे वाचलं तेव्हा मला वडिलांची वही आठवली. चूक त्यांच्या मोजण्यात कधीच नव्हती. कठडा चढवला त्या दिवशी कोणीतरी एक ओळ लिहायला हवी होती.

तापीवर याचा हिशेब

हतनूर पूर्ण भरतं ते 214 मीटरला. खाली गुजरातेत उकाई पूर्ण भरतं 345 फुटांना. दोन्ही समुद्रसपाटीपासून. 345 फूट म्हणजे 105.16 मीटर, म्हणजे दोन भरलेल्या धरणांच्या पाण्यात जवळपास 109 मीटरचं अंतर आहे. प्रकाशा आणि सारंगखेड्याची बॅरेजेस याच उतारावर बसलेली आहेत. हतनूरच्या 41 दरवाजांतून सुटलेलं पाणी कुठे किती चढेल, उकाईचा फुगवटा नंदुरबारकडे कुठवर येईल, हे हिशेब मांडता येतात ते सगळ्या पट्ट्यांचा शून्य एक असल्यामुळे.

गावातल्या माणसाची पट्टी मात्र वेगळी असते. प्रकाशाला केदारेश्वराच्या घाटावर म्हातारी माणसं सांगतात, अमक्या साली पाणी इतक्या पायऱ्या चढलं होतं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावरही तेच. घाटाच्या पायऱ्या ही आपली पाणी मोजायची शेकडो वर्षांची पट्टी आहे, फक्त तिचा शून्य नदीकाठच्या मातीत आहे. इशारा येतो मीटरमध्ये, आठवण असते पायऱ्यांमध्ये. प्रत्येक घाटाच्या एका पायरीवर तिचा आर.एल. कोरला तर इशारा ऐकताच बाईमाणसांनाही कळेल की पाणी देवळाच्या दारात येणार की ओट्यापर्यंत. एका मोजणीवाल्याचं एका दिवसाचं काम आहे ते. तापीकाठच्या ग्रामपंचायतींनी हे खरोखर मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विहिरींचंही तसंच. रावेर-यावलच्या पट्ट्यात भूजल खाली गेल्याची काळजी प्रत्येक घरात आहे. माझं पाणी पन्नास फुटांवर, तुझं सत्तरवर, एवढ्यावरून कोणाचं पाणी वर आहे ते ठरत नाही, कारण दोघांची जमीन वेगळ्या उंचीवर असते. आणि जमिनीखालचं पाणी उंचीच्या उताराप्रमाणे वाहतं, काठापासूनच्या खोलीचं त्याला काही नसतं. ते कोणत्या शेताकडून कोणत्या शेताकडे सरकतंय हे पाहायचं तर सगळ्या विहिरी एकाच शून्यावर आणाव्या लागतात.

वहीतली नवी रेघ

मी आमच्या वहीत 2012 पासूनच्या सगळ्या आकड्यांसमोर दुसऱ्या शाईनं सव्वादोन फूट वजा करून लिहिले. कारणही लिहिलं, तारखेसकट. मग गवंड्याचा पाइप आणून नवा कठडा आणि मोटारीच्या खोलीचा उंबरा यांतला फरक काढला: कठडा उंबऱ्याच्या 1 फूट 5 इंच वर. उंबऱ्याच्या दगडात छिन्नीनं छोटी फुली कोरली, कारण कठडा पुन्हा कधी फुटेल-बांधला जाईल, उंबरा तेवढ्यात हलणार नाही.

यंदाच्या आखाजीला पुतण्यानं दोर सोडला. नव्या कठड्यावरून 51 फूट 2 इंच. वडिलांच्या जुन्या दगडी कठड्यावरून 48 फूट 11 इंच. उंबऱ्यावरून 49 फूट 9 इंच, म्हणजे 15.16 मीटर. उंबरा 231.460, त्यातून एवढे गेले तर पाणी 216.30 मीटरवर.

नाना तिथेच बसले होते. त्यांनी आकडा दोनदा म्हणून पाहिला. "म्हंजे हतनूर काठोकाठ भरलं तरी आपल्या विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी त्याच्या वर," ते म्हणाले.

"सव्वादोन मीटर वर, नाना."

त्यांनी पुतण्याच्या हातून दोर घेतला आणि म्हणाले, "चाल आता माह्या विहिरीवर."